एक्केचाळिसावी चाचणी

पूर्वी प्रोग्राम नव्यानं बांधायला पाऊण तास लागायचा. ताईनं तो वेळ सहा मिनिटांवर आणला होता आणि त्याचा तिला कोण अभिमान! यंत्र तसं साधंच: छातीवर बांधायचा पट्टा आणि त्यावर काडेपेटीएवढा बोर्ड. झोपेत श्वास थांबला की वीस सेकंदांत त्यानं कर्कश ओरडायचं. आराखडे सगळ्यांना खुले. कुणीही बनवावं, कुणीही सुधारावं. जगात कुठंही कुणी प्रोग्रामची एक ओळ बदलली की ती ताईच्या मागच्या खोलीतल्या संगणकावर येऊन रांगेत उभी राहायची. प्रोग्राम बांधला जायचा, टेबलावरच्या बोर्डात चढायचा आणि मग भाता सुरू व्हायचा.

भाता म्हणजे स्पंज भरलेली कापडी पिशवी, तिच्यावर पट्टा, खाली मोटर. लोकांनी पाठवलेल्या श्वासांच्या चाळीस नोंदी होत्या, एकेक नोंद म्हणजे एकेक चाचणी. कुणी दमेकरी, कुणी घोरणारा, एक तर झोपेत हसणारा. मोटर त्याबरहुकूम पिशवी फुगवायची, दाबायची. बोर्ड वेळेवर ओरडला तर पडद्यावरची ओळ हिरवी, नाहीतर लाल. सुरू होऊन दोन दिवस झाले तरी न संपलेली चाचणी आपोआप थांबावी, हा नियम ताईचा. आणि कुठलाही नियम, अगदी तिलासुद्धा, रांगेत उभं राहिल्याशिवाय बदलता येऊ नये, हाही तिचाच. मागच्या दारानं काही आत यायला नको म्हणून.

शेजारच्या खोलीत तिचे वडील, अण्णा. आजारपणानंतर झोपेत त्यांचा श्वास अडायचा, म्हणून खिडकीपाशी दुपारची डुलकी घेतानाही पट्टा असायचा.

"कोंबड्यासारखं उगीच आरवतं गं हे," ते कुरकुरायचे. "माणसानं झोपायचं तरी कधी?"

त्यांना चैन पडावी म्हणून महिन्यापूर्वी ताईनं बोर्डाचा कान जरा तिखट केला. अगदी बारीक हालचालही श्वास म्हणून धरली जाऊ लागली. आरवणं थांबलं, पण त्यापायी एक चाचणी लाल झाली. ताईनं तिला रजेवर पाठवलं, म्हणजे तिचा निकाल धरायचाच नाही असं ठरवलं, आणि तोच प्रोग्राम जगभरच्या पट्ट्यांत गेला. त्रास देणाऱ्या चाचणीला रजा द्यायची, ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांची जुनी खोड. नंतर बघू म्हणायचं, आणि नंतर कोण बघतो!

सोमवारी यादीत एक्केचाळिसावी ओळ दिसली. लाल.

कुणी घातली याची नोंद नव्हती. ताईनं डागमामाला फोन लावला. तो दुसऱ्या शहरातला जोडीदार. बोर्डाला कथलाचा डाग देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून हे नाव.

"माझ्याकडे चाळीसच दिसतायत," तो म्हणाला. "चष्मा पूस."

तिनं ओळ पुसली. मंगळवारी ती परत हजर. पुन्हा पुसली, पुन्हा हजर. ताईचा जीव थाऱ्यावर राहिना. उठावं, खिडकी लावावी, उघडावी, पुन्हा पडद्यासमोर बसावं.

बुधवारी दुपारी ती भात्यासमोरच ठाण मांडून बसली. पिशवी हलली. दोन उथळ श्वास, मग एक खोल, त्याच्या शेवटी किंचित अडखळ. पुन्हा दोन उथळ, एक खोल. हे आपल्या ओळखीचं आहे, असं तिला वाटलं. मग भिंतीपलीकडून अण्णांचा श्वास ऐकू आला. दोन उथळ, एक खोल, अडखळ. अण्णांची नोंद तिनं कधीच घेतलेली नव्हती.

सतराव्या मिनिटाला पिशवी खाली बसली आणि वर आलीच नाही. तिच्यात एक बारीक धडधड तेवढी उरली. बोर्ड गप्प. भिंतीपलीकडे अण्णांचा श्वास मात्र चालूच. एकोणिसाव्या मिनिटाला नोंद संपली, ओळ लाल झाली.

ताईला आता उलगडा झाला. श्वास थांबला तरी काळीज काही वेळ चालू असतं, आणि तिखट केलेला कान ती धडधडच श्वास म्हणून मोजत होता. चूक तिची होती. रजेवर पाठवलेली चाचणी महिनाभर हेच सांगत होती.

तिनं कानाचा आकडा बदलला, दुरुस्ती रांगेत लावली. हिरवं होईपर्यंत थांबायचा धीर तिच्यात नव्हता. झोपलेल्या अण्णांच्या पट्ट्यात तिनं नवा प्रोग्राम आधी चढवला आणि परत येऊन टेबलावरच्या बोर्डातही चढवून एक्केचाळिसावी पुन्हा सुरू केली. घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन उथळ, एक खोल.

सतराव्या मिनिटाला पिशवी बसली.

पलीकडचा आवाजही थांबला.

दोन्ही बोर्ड एकदम ओरडले. ताई धावली. अण्णांचे ओठ काळेनिळे पडले होते. तिनं त्यांना उठवून बसवलं, गदागदा हलवलं, "अण्णा! अहो अण्णा!" म्हणून हंबरडा फोडला.

आधी मागच्या खोलीत मोटर घरघरली. मग अण्णांनी श्वास घेतला.

डॉक्टर येऊन तपासून गेले. "नशीब, वेळेवर उठवलंत," म्हणाले. ताई मागच्या खोलीत गेली. भाता चालूच होता. नोंद एकोणीस मिनिटांची. ती कधीच संपली होती. एक्केचाळिसावी ओळ लालही नव्हती, हिरवीही नव्हती. पिवळ्या अक्षरांत 'चालू आहे' एवढंच.

गुरुवारीही तेच. अण्णा जिना चढले की पिशवी धापा टाकायची.

शुक्रवारी डागमामाचा फोन आला. "ताई, आता मलाही दिसतेय ती. रांग तुंबलीय. तुझी दुरुस्ती तिच्याच मागे अडकलीय, आणि बाहेर हजारो पट्टे अजून मुके आहेत. लोक झोपतायत गं त्यांच्या भरवशावर. मी थांबवू का ती?"

"नको! हात लावू नकोस!"

"बरं बाई, नाही लावत. तशीही दोन दिवस भरले की आपोआप थांबेलच. नियम तुझाच ना?"

ताईनं घड्याळ पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं. दोन दिवस भरायला पंधरा मिनिटं उरली होती. तिनं नियमाची ती ओळ खोडली आणि बदल पाठवून दिला. पडद्यावर उत्तर उमटलं: बदल मिळाला. रांगेत दुसरा. तुमच्या आधी एक काम चालू आहे.

"अगं," पलीकडून अण्णांनी हाक मारली, "ऊन छान पडलंय. खुर्ची जरा सरकवतेस का? घटकाभर डोळा लागेल."