चोर शब्दाचे शेजारी

त्या दिवशी सकाळीच राखण्याने चार चोर पकडले, आणि त्यांतला एकही चोर नव्हता.

पहिला चोर म्हणजे पाण्याचा पंप. "हा पंप अगदी कामचोर झालाय," असं केतकीचे बाबा वैतागून म्हणाले, आणि राखण्याने पंपाला साखळी घातली. दुसरी, पाटणकरकाकांची पँट, कारण तिला चोरकप्पा होता. तिसरी मांजर. ती चोरपावलांनी आली, असं केतकीच बोलून गेली होती. आणि चौथा बिचारा दूधवाला. भरलेल्या जीपमध्ये तो अंग चोरून बसला होता. राखण्याने त्याला हात वर करायला लावले आणि दरडावून विचारलं, "कोणाचं अंग चोरलंस? मुकाट्याने परत कर."

सगळी वसाहत हसून लोटपोट झाली. केतकीला मात्र रडू येत होतं.

ही वसाहत सातमाळा रांगेतल्या एका डोंगरावर होती. तिथे एक प्रचंड तबकडी रात्रंदिवस आकाशाकडे तोंड करून असायची. ती होती रेडिओ-दुर्बीण (ताऱ्यांकडून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी टिपणारं यंत्र). तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून डोंगरावर मोबाइलला बंदी होती. फाटकावर राखण्या हा यंत्रमानव पहारा द्यायचा. केतकीला पहिल्यांदा सायकल धरून चालवायला शिकवलं ते त्यानेच, आणि तिची सगळी गुपितं त्याच्याच स्मृतीत साठलेली होती.

आठवड्यापूर्वी तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं चोरीला गेलं. व्यवस्थापक कुलथेसाहेबांनी काल राखण्याच्या शब्दकोशात स्वतः भर घातली: चोर म्हणजे दुसऱ्याची वस्तू न विचारता नेणारा, 'चोर' शब्द कानी पडताच संबंधिताला पकडावे. आजचे पराक्रम पाहून मात्र त्यांचं डोकं फिरलं. "संध्याकाळपर्यंत याला अक्कल आली तर ठीक," ते म्हणाले, "नाहीतर याची स्मृती पुसून टाका आणि फाटकावर साधा भोंगा बसवा."

केतकी धावतच वेधशाळेत गेली. तिची उर्मिलाकाकू तिथे भाषातंत्रज्ञ (यंत्रांना माणसांची भाषा शिकवणारी शास्त्रज्ञ) होती. काकू टेबलाशी लोणच्याची फोड चोखत बसली होती. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"अगं, एका शब्दाला एकच अर्थ असं धरून कसं चालेल? इंग्रजीतलं 'स्टील' घे. स्टील म्हणजे चोरणं. पण बाजारात एखादी वस्तू फारच स्वस्त मिळाली, तर तिलाही ते लोक 'स्टील' म्हणतात. कुणी खोलीतून हळूच सटकलं, तरी तेच क्रियापद."

"आणि आपल्या भांड्यांचं स्टील?"

"त्याचं स्पेलिंग वेगळं. पण राखण्याला स्पेलिंग दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. तो उद्या तुझा डबा पकडेल."

केतकीला हसू फुटलं. "मग आपल्याला कसं कळतं गं?"

काकूने कागदावर एक वाक्य लिहिलं आणि त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "माझ्या बोटाखाली काय असेल, सांग. 'गाडीत गर्दी होती, म्हणून तो अंग अमुक बसला.'"

"चोरून."

"शब्द झाकलेला असूनही तुला कळलं. कारण तू त्याचे शेजारी पाहिलेस: गर्दी, अंग, बसला. यालाच संदर्भ म्हणतात (शब्दाच्या आजूबाजूचं बोलणं आणि घडणं). शब्द ज्यांच्या संगतीत राहतो, त्यांच्यावरून त्याचा अर्थ ठरतो. राखण्याला आपण हेच शिकवू."

काकूने वाचनालयातली सगळी पुस्तकं राखण्याच्या स्मृतीत भरली. प्रत्येक वाक्यातला एकेक शब्द झाकायचा, शेजाऱ्यांवरून तो ओळखायचा, चुकला की सुधारायचा. हा खेळ राखण्या प्रचंड वेगाने खेळू लागला. त्याच्या डोळ्यांतले निळे दिवे सारखे लुकलुकत होते. जेवणाच्या वेळेपर्यंत त्याने पंपाची साखळी सोडली, पाटणकरकाकांची पँट घडी घालून परत केली आणि दूधवाल्याची रीतसर माफी मागितली. केतकीचा जीव भांड्यात पडला.

पण तो फार वेळ तिथे राहिला नाही. दुपारी फाटकावरची घंटा खणखणली.

केतकी पोचली तेव्हा चौकीत एक आजी घामाघूम होऊन बसल्या होत्या. मांडीवर गाठोडं आणि चेहऱ्यावर संताप. त्या होत्या येवल्याच्या इंदूआजी, म्हणजे काकूची आई.

"अगं, तुमचं हे यंत्र मला आत सोडेना," त्या म्हणाल्या. "मी मेलीने सरळपणे सांगितलं, उर्मिलाची चोरचोळी घेऊन आलेय, कुणाला सांगू नकोस. तर मला कोंडूनच घातलं."

"मी शेजारी तपासले," राखण्या म्हणाला. "'कुणाला सांगू नकोस' हे शब्द पुस्तकांत बहुतेक चोरांच्याच तोंडी आहेत. 'चोरचोळी' हा शब्द मात्र एकाही पुस्तकात सापडला नाही. मला नक्की कळेना, म्हणून तुला बोलावलं."

केतकीलाही तो शब्द ठाऊक नव्हता. "आजी, चोरचोळी म्हणजे?"

"ते असं फाटकावर सांगायचं नसतं, बाळा." आजींनी ओठ घट्ट मिटले.

आता आली पंचाईत. संध्याकाळी कुलथेसाहेबांनी हा प्रकार पाहिला असता, तर राखण्या संपलाच होता. केतकीने डोळे मिटून काकूचं बोट आठवलं.

"राखण्या, आपण शेजारी फार जवळचेच पाहिले. लांबचेही पाहू. आजी, गाठोडं उघडता का?"

गाठोड्यात हिरवा खण होता, नारळ होता, गहू आणि हळदकुंकवाच्या पुड्या होत्या.

राखण्याचे दिवे लुकलुकले. "खण, नारळ, गहू, हळदकुंकू. ही मंडळी पुस्तकांत एकत्र भेटतात ती ओटी भरण्याच्या वाक्यांत. शिवाय चोर वस्तू बाहेर नेतो. या आत आणतायत."

"बरोबर," केतकी अधीर होऊन म्हणाली. "म्हणजे इथे चोर हा चोरीतला नाही. चोरपावलांतला आहे, चोरकप्प्यातला आहे."

"म्हणजे गुपचूप. गुपचूप दिलेली चोळी. पण ओटी गुपचूप का भरायची?"

केतकीला एकदम सगळं आठवलं. काकू हल्ली तबकडीच्या शिडीवर चढत नव्हती. लोणच्याची बरणी तिच्या टेबलावरच असायची. केतकी आनंदाने ओरडलीच.

"काकूला बा..."

इंदूआजींनी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. पण आता त्याही हसत होत्या. "हुशार आहेस हो. सुरुवातीला गाजावाजा करायचा नाही, म्हणून लेकीची ओटी अशी हळूच भरतात. चोरलेलं काही नसतं त्यात. आणि योग्य वेळ येईपर्यंत हे तुमच्या दोघांच्या पोटात राहू दे."

"माझ्या स्मृतीत राहील," राखण्या म्हणाला, आणि त्याने अदबीने फाटक उघडलं.

संध्याकाळी कुलथेसाहेब आले. उर्मिलाकाकू आणि इंदूआजीही आल्या. साहेबांनी फाटकावरचं दिवसभराचं ध्वनिमुद्रण ऐकायला घेतलं, पण दुपारच्या एका वाक्यावरच थांबवलं. मग त्यांनी नोंदवही पाहिली: गाठोडं आत गेलं होतं. त्यांचा आवाज चढला. "'चोर' म्हणून शब्द ऐकलास, 'कुणाला सांगू नकोस' हेही ऐकलंस, आणि तरी गाठोडं आत सोडलंस? काय होतं त्यात?"

"मला माहीत आहे, साहेब," राखण्या म्हणाला. "पण सांगणार नाही. आज मला जो अर्थ कळला, त्यात न सांगणंही येतं."

"मग बंद करा याला." साहेबांनी पाठीवरच्या बटणाकडे हात नेला.

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. एक वाक्य बोललं की राखण्या वाचणार होता, पण ते वाक्य तिचं नव्हतं. तिने ओठ चावून धरले आणि राखण्याचा थंड हात घट्ट पकडला.

"थांबा," उर्मिलाकाकू पुढे झाली. "ज्याचं गुपित त्यानेच फोडलेलं बरं. साहेब, मला बाळ होणार आहे. त्या गाठोड्यात माझी चोरचोळी होती."

कुलथेसाहेबांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि खजील होऊन म्हणाले, "माझ्या बहिणीची चोरचोळी माझ्या आईनेही अशीच लपवून नेली होती. मला कसं सुचलं नाही?"

"साहेब, आणखी एक," राखण्या म्हणाला. "तारेचं भेंडोळं गेलं त्या दिवशी फाटकावर 'चोर' हा शब्द कुणीच उच्चारला नव्हता. भोंगा असता तर तो गप्पच बसला असता. मात्र भेंडोळं नेणारा माणूस म्हणाला, 'साहेबांनी मागवलंय.' आणि हे म्हणताना तो नजर चोरत होता. त्याचा अर्थ मला आज लागला."

"मी काही मागवलं नव्हतं," असं म्हणत साहेब तडक कचेरीतल्या फोनकडे निघाले. जाता जाता वळून म्हणाले, "भोंगा रद्द. आणि त्या शब्दकोशातली माझी ओळ खोडा."

केतकी राखण्याला बिलगली. तिला ओरडावंसं, नाचावंसं, अख्ख्या डोंगराला सांगावंसं वाटत होतं. समोर ती मोठी तबकडी सावकाश वळत होती.

"राखण्या, त्या ताऱ्यांवरून उद्या खरंच एखादा शब्द आला, तर? कुठल्याच पुस्तकात नसलेला?"

"मग त्याचे शेजारी शोधू," राखण्या म्हणाला. "तोवर आपलं बाळ बोलायला लागेल. त्याचा पहिला शब्दही कुठल्या पुस्तकात नसेल. आधी त्याच्यावर सराव करू."

काकूने ते ऐकलं आणि हिरवा खण छातीशी धरून ती मनापासून हसली.