मस्कतची लाइन

शंभुराज पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आला तेव्हा मी त्याला हळदीचा दलाल समजले आणि बूट बाहेर काढायला लावले.

बाहेर भुरभुर पाऊस चालू होता. देवगाव फाट्यावर पाऊस आला की निम्मी माणसं आमच्याच पायरीवर चढतात. त्यातलं कोण कामाचं आणि कोण आडोशाचं, हे ओळखायची मला सवय आहे. हा उंच, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं खोकं, केसांतून पाणी गळतंय...

"नमुना टेबलावर ठेवा. शेठ जेवायला गेलेत."

"नमुना न्हाई, फोन हाय. इंटरनेटचा," तो म्हणाला. मग पायांकडं बघून, "मोजे पण काढू का?"

मी हसले नाही. मला पटकन हसू येत नाही. आई म्हणते, रंजनी, तुझं तोंड बँकेच्या खिडकीतल्या बाईसारखं हाय. असेल.

व्यंकटराव शेठची हळद दुबईला आणि ढाक्याला जाते. तिथल्या व्यापाऱ्यांशी बोलणं, कागदपत्रं, गाड्या, सगळं मी बघते. ऑफिसात दोन दिवस राहिलेली कुठलीही वस्तू पिवळी होते, भिंत असो की माणूस. शंभुराजनं आणलेला हेडफोन पांढराशुभ्र होता. मला त्याची कीव आली.

त्यानं कॉम्प्युटरवर काय काय टाकलं आणि शिकवायला बसला. "देशातला नंबर असंल तर आधी एक शून्य. भाईरच्या देशातला असंल तर दोन शून्यं, मग देशाचा कोड, मग नंबर."

"एम. कॉम. झालंय माझं."

"तसं न्हाई ओ मॅडम. काल फोनवर शेठला पण हेच सांगितलं."

"मग? काय म्हणाले शेठ?"

"म्हणाले, मॅडमला सांगा."

आता मात्र हसू येता येता राहिलं. त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो उगाच जास्त वेळ स्क्रीनकडं बघत बसला.

"अन् एक," तो म्हणाला, "भाईरचे सगळे देश बंद ठेवलेत. जिथं तुमचा धंदा हाय तेवढेच उघडे. कुणी खामखा अमेरिका लावून बसलं तर शेठच्या डोक्याला ताप. नवा देश पायजे असंल तर मला सांगायचं, मी उघडणार."

"किती वेळ लागतो?"

"चहा गार व्हायच्या आत होतंय."

जाताना पायरीवर थांबून बूट घालता घालता म्हणाला, "पहिले काही दिवस रोज एक टेस्ट कॉल करावा लागतो. माझ्या नंबरवर. आवाज कसा येतो ते बघायला."

रोज टेस्ट करावी लागत नाही हे मला त्याच दिवशी समजलं होतं. सोबतच्या पुस्तिकेत तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दुबईचं काम आटोपलं, आणि मी एक शून्य दाबून त्याचा नंबर लावला.

"आवाज येतोय?"

"येतोय. जरा अजून बोला."

"काय बोलू?"

"काय पण. काय करायलात?"

"चहा प्यायलेय. बरा झाला न्हाई आज."

"शेवटचं वाक्य तुटलं बघा. परत म्हणा."

"तुटलं न्हाई."

"मग परत म्हणायला काय हरकत हाय?"

असं. रोज थोडं थोडं. तो वालूरचा, घरी तेलाचा घाणा, परभणीत खोली. त्याला कारल्याची भाजी आवडते, विजांना भितो. मी चारठाण्याची, मला कारलं आवडत नाही, विजांचं काही वाटत नाही. एवढी माहिती हेडफोनमधून आली. एखाद्या दिवशी कामाच्या गडबडीत टेस्ट राहिली तर दुपारपासून मला कुणाचंच बोलणं बरं वाटायचं नाही. मग मी मनाशी सरळ कबूल करून टाकलं. हा माणूस मला आवडायला लागला होता. कबूल केलं म्हणून त्याला सांगितलं असं नाही. पहिल्यांदा त्यानं बोलावं, एवढा तोरा मला परवडतो.

अशात मामानं मस्कतचं स्थळ आणलं.

मुलगा मस्कतला एका कंपनीत हिशेब बघतो, दिवाळीत येणार, तेव्हाच सुपारी फोडायची. मी अप्पांना म्हटलं, मला नको. माझे वडील, बसप्पा, रागावत नाहीत. कपाळावरच्या भस्मावरून बोट फिरवून ते म्हणाले, "माणसाचा आवाज न ऐकता न्हाई म्हणणं बरं दिसंना, रंजनी. एकदा बोल. मग न्हाई म्हण, मी काय म्हणायचो न्हाई."

बोलायचं कुठून? तिकडून व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही असं मामाचं म्हणणं. आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर, आणि गच्चीवरून बोलणं म्हणजे आख्ख्या आळीला ऐकवणं. अप्पांनीच तोडगा काढला. "तुझ्या ऑफिसातून जातोय की परदेशात फोन. शेठसमोर, उजेडात बोल. कुणाला काय वाटायचं कारण न्हाई."

शेठ एका पायावर तयार. पण ओमान बंद होता.

त्या दिवशी टेस्ट कॉलवर मी शंभुराजला म्हटलं, "नवा देश उघडायचाय. ओमान."

"अरे वा! मस्कतला पण हळद?"

"हळद न्हाई. स्थळ. मुलाशी बोलायचंय."

नुसता पाऊस ऐकू येत होता, त्याच्या बाजूचा.

"करतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओमान बंद. तिसऱ्या दिवशी बंद. विचारलं की, वरून परवानगी यायचीय. मग, सर्व्हरला तकलीफ हाय.

"कोणत्या सर्व्हरला?"

"तिकडच्या."

"तिकडच्या म्हणजे कुठल्या?"

"...ओमानच्या."

"शंभुराज, तुमाला काही सांगायचं असंल तर सांगा."

"आवाज तुटायलाय, मॅडम."

"अजिबात तुटत न्हाई."

त्यानं फोन ठेवला.

मला संताप आला. इकडं मामानं जाहीर करून टाकलं होतं की सोमवारी तो होकार कळवणार. पोरगी बोलली नाही म्हणजे लाजली, लाजली म्हणजे हो. आणि अप्पांनी घातलेली अट तर साधी होती, आधी बोल, मग नाही म्हण. ती लाइन उघडल्याशिवाय मला नाही म्हणायला जागाच नव्हती. हे त्या शहाण्याला कोण सांगणार? तो आपला ओमान बंद करून निवांत बसलेला.

शनिवारी अप्पा स्वतः ऑफिसात आले. पावसानं भिजलेली टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. शेठनी शंभुराजला फोन करून असा काही आवाज लावला की दुपारच्या आत तो दारात हजर. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. अप्पांना नमस्कार केला, खुर्ची ओढली, काहीतरी दाबलं. चहा आला तेव्हा ओमान उघडलेला होता.

"आरं, एवढंच होतं का?" शेठ म्हणाले.

अप्पांनी खिशातून नंबर काढून दिला. "लाव, रंजनी."

दोन शून्यं, नऊशे अडुसष्ट, मग नंबर. बेल वाजली. शंभुराज खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, पाठ करून.

"हॅलो?" सभ्य, शांत आवाज. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "हो, हो! आठवडाभर तुमच्या फोनची वाट बघतोय. काय झालं होतं?"

तांत्रिक अडचण होती, असं म्हणता आलं असतं. पण मीच का म्हणून झाकू? मी म्हटलं, "ज्यांनी केलंय त्यांनाच देते." हेडफोन काढला आणि शंभुराजपुढं धरला.

"मी काय बोलू?" तो पांढराफटक.

"लाइन का बंद होती ते विचारायलेत. सांगा."

त्यानं हेडफोन कानाला लावला. एव्हाना त्याचा स्पंज पिवळाधमक झाला होता. "हॅलो... हां. मी शंभुराज. फोनच्या कंपनीतला." मग सगळं एका दमात, "लाइनला काय झालं न्हवतं भाऊ. मीच उघडली न्हाई. यांचं तुमच्याशी बोलणं झालं की लग्न ठरंल असं भ्या वाटलं. मला या लय आवडतात. काम नसताना रोज फोन करायला लावतो मी यांना."

शेठची बशी ओठांपाशीच थांबली. अप्पा जमिनीकडं बघत होते.

शंभुराज ऐकत राहिला.

"काय म्हणायलेत?" शेठना राहवेना.

"विचारायलेत... हे मॅडमला सांगितलं का."

"मग?"

"न्हाई म्हणालो. म्हणायलेत, सांगा मग, मी थांबतो."

"मस्कत थांबलंय," शेठ देवळात बोलल्यासारखं हळू म्हणाले.

तो माझ्याकडं वळला. "शिवरंजनी..." मॅडम गळून पडलं होतं, माझं पूर्ण नाव आलं होतं.

"आधी माझं ऐका," मी म्हटलं. "मला यांना न्हाई म्हणायचं होतं. बोलल्याशिवाय न्हाई म्हणता येत न्हवतं. तुमी लाइन बंद ठेवली अन् सोमवारी मामा परस्पर होकार कळवणार होता. मालूम होतं तुमाला?"

त्याचा चेहरा बघवेना. "न्हाई. चुकलं माझं."

"माझ्यासाठी काय उघडं अन् काय बंद, ते मी ठरवणार. तुमी न्हाई."

"न्हाई. मी न्हाई."

अप्पा खाकरले. "वालूरचे का? कोणाचे?"

"भुजंगअप्पांचा. घाणा हाय आमचा."

अप्पांनी मान हलवली. होय म्हणून की नुसती, कळलं नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तो पोरगा तिकडं लटकलाय, रंजनी. काय सांगायचं ते तुझ्या तोंडानं सांग. मामाला मी बघतो."

माझे डोळे भरून आले. अप्पा असे आहेत हे मला माहीत होतं, तरी आले. मी हेडफोन घेतला. "माझा नकार आहे," मी म्हटलं. "तुमच्यात काही खोट नाही. मला शंभुराज आवडतात." हे वाक्य मी याआधी मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं, आणि पहिल्यांदा म्हटलं ते समुद्रापलीकडच्या परक्या माणसाला. आवाज थरथरला. लाइन स्वच्छ होती, त्यांना ऐकू गेलंच असणार.

"थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "पण मग माझ्याशी कशाला बोलत बसलात? तिकडं बोला ना." आणि त्यांनीच फोन ठेवला.

अप्पा उठून पायरीवर पाऊस बघायला गेले. जाताना शेठलाही दंडाला धरून नेलं.

शंभुराजच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं आणि त्याला ते पुसायचं सुचत नव्हतं. तो बोलेल म्हणून मी थांबले. शेवटी मीच विचारलं, "लग्न करता का माझ्याशी?"

तो मान हलवायला लागला, हलवतच राहिला.

"तोंडानं सांगा."

"हो," तो म्हणाला.