तीन नंबरवरचा शेजारी

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सळयांचा भारा काकांच्या डोक्यापासून हातभर वर येऊन थांबला. काकांनी बाजूला अंग टाकलं, ते मनगटावर पडले आणि मनगट मोडलं. बाकी कुणाला काही झालं नाही.

क्रेनवर त्यांचीच पुतणी होती. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून खालच्या सगळ्यांवर नजर ठेवते म्हणून साइटवर तिला घार म्हणत. काका तिचे सख्खे चुलते आणि तिचे सिग्नलमनही. ते खालून वॉकीटॉकीवर सांगायचे, ती वरून भार हलवायची. त्या दुपारी त्यांनी "थांब" म्हटलं होतं आणि भारा जिथे टेकवायचा तिथले लाकडी ओंडके सरळ करायला ते वाकले होते. तेवढ्यात सेटमधून आवाज आला, "येऊ दे... सावकाश येऊ दे खाली..."

आवाज काकांचा नव्हता. तरी तिचा हात हलला. काका खाली वाकलेले दिसले तेव्हा कुठे तिनं भारा रोखला.

शिडी उतरून ती खाली आली. काकांना दवाखान्यात नेलं आणि सेफ्टीसाहेबांनी क्रेनची किल्ली तिच्याकडून मागून घेतली. "उद्या दहाला चौकशी," ते म्हणाले. "मी एकच विचारणार. आवाज परक्याचा आहे हे तुला कळलं होतं का? नसेल कळलं, तर सेटची गडबड. कळूनही भार सोडला असशील, तर लायसन गेलं समज."

ते लायसन मिळवायला तिची चार वर्षं गेली होती. आधी कुणी तिला केबिनमध्ये बसूच देत नव्हतं; काका प्रत्येक ठेकेदाराशी भांडले तेव्हा कुठे ती वर चढली.

ती तशीच, डोक्यावरचं हेल्मेटही न काढता, शेजारच्या साइटकडे निघाली.

दोन्ही साइटचे सेट एकाच दुकानातून भाड्यानं आलेले, आणि दुकानदारानं सगळे तीन नंबरच्या चॅनलवरच लावून दिलेले. या सेटची खोड अशी, की बटण दाबलं की बोलता येतं पण ऐकू येत नाही, सोडलं की ऐकू येतं पण बोलता येत नाही. दोघांनी एकदम दाबलं तर दोघांच्याही बोलण्याचं वाटोळं, नुसती किरकिर. पहिल्याच आठवड्यात एक पुरुषी आवाज तिच्या कानावर आदळला होता.

"वरच्या मॅडम, तोंडाला सुट्टी असते का? आमचाही भार लटकलाय."

"शेजारी, हवा काय तुम्ही विकत घेतलीय?"

भांडून भांडून शेवटी दोघांनी वाटणी केली. एकाचा भार टेकला की त्यानं "संपलं" म्हणायचं, मग दुसऱ्यानं तोंड उघडायचं. "तुमचं झालं का?" "झालं. संपलं. घ्या, आता हवा तुमची." दोन महिने हे चाललं. कोण कसा दिसतो, दोघांनाही माहीत नव्हतं. त्याला सर्दी झाली की मात्र तिला पहिल्या शब्दाला कळायचं... आणि ती चिडलेली असली की तो म्हणायचा, "मॅडम, आज आधी तुम्ही. आम्हाला जीव प्यारा आहे."

मग मेकॅनिक आला आणि त्यानं शेजाऱ्याची अख्खी साइट सात नंबरवर हलवली. "आता भांडायला कुणी नाही," तो शेवटचं म्हणाला. "सुटले एकदाची," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तीन नंबर इतका मोकळा होता की तिला त्या शांततेचीच चीड आली.

"सिग्नलमन कोण इथला?" तिनं फाटकात उभं राहून विचारलं.

सगळ्यांनी एका उंच माणसाकडे पाहिलं. उन्हानं नाकाचं सालटं निघालेलं, हातात सेट. तिनं तो सरळ त्याच्या हातातून घेतला. बटणाशेजारी चॅनलचा आकडा तीन होता.

"हा सातवर हवा ना?"

आवाज ऐकताच ती कोण हे त्याला कळलं. मग त्यानं आकड्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "तरीच... तरीच आमची क्रेन हलत नव्हती. मी तिला सांगत होतो. चहाच्या सुट्टीत तीनवर फिरवला होता, परत सातवर न्यायचा राहिला."

"का फिरवला होतास?" आजवरचं तुम्ही तिच्या तोंडून गळून पडलं.

त्यानं सेट परत घ्यायला हात पुढे केला; तिनं दिला नाही.

"का?"

"तुम्ही ऐकू येता म्हणून." आणि सवयीनं पुढे म्हणाला, "संपलं."

"काय संपलं? माझ्या काकांचं मनगट मोडलंय. आणखी हातभर खाली आला असता भारा तर आज..." तिला वाक्य पुरं करवेना. "आणि मी बोलते काय दिवसभर? सळ्या, वाळू, फळ्या. त्यात ऐकण्यासारखं काय असतं?"

"मधूनमधून शिव्या असतात."

मागे कुणीतरी हसलं. तिनं वळून पाहिलं तसं ते हसू जागीच विरलं.

मग दोघं एकदम बोलू लागले. तो सांगत होता की चूक त्याचीच आहे, आत्ता साहेबांकडे येतो. ती सांगत होती की ते पुरेसं नाही, ते काहीच नाही, उद्या दहाला चौकशी आहे आणि आवाज ओळखला असेल तर तिचं लायसन जाणार आहे. मध्ये सेट नव्हता. किरकिर झाली नाही, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू आलं. हे इतकं नवीन होतं की दोघंही थबकले.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, राग नव्हे. "पहिल्याच शब्दाला कळलं होतं की हा तू आहेस. काकांनी थांब म्हटलंय हेही ठाऊक होतं. आणि तू येऊ दे म्हणालास तर माझा हात हलला. विचारायच्या आधीच हलला. याचा राग आहे मला. तुझा आहेच. त्याहून माझा जास्त."

"हे उद्या बोलू नकोस," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते पहिलं तू होतं. "ओळखला नाही म्हण. आपण कधी बोललोच नाही असं मी सांगतो. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. मला कुठेही काम मिळेल. तुला परत कोण वर चढू देणार?"

"माझ्या जिवावर मोठा होऊ नकोस," ती म्हणाली आणि सेट त्याच्या छातीवर टेकवून निघून गेली.

घरी काका हात गळ्यात बांधून बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "आवाज गोड आहे का गं त्याचा?"

"काका."

"नाही, हात मोडला म्हणून विचारतो. निदान गोड तरी असावा." मग गंभीर झाले. "नाही ओळखला म्हण. मीही तेच सांगेन."

"आणि परत मी वर असताना तुम्ही भाऱ्याखाली वाकाल?"

"वाकेन की."

"मीच नाही वाकू देणार," ती म्हणाली आणि उठून मोरीत गेली. तोंड धुवायला तिला बराच वेळ लागला.

सकाळी दहाला आधी त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, सेट चुकून फिरला, चूक सगळी माझी. त्या बाईंना मी ओळखत नाही, त्यांनी मला ओळखायचा प्रश्नच येत नाही. मग तो बाहेर बाकावर येऊन बसला आणि ती आत गेली. ऑफिसची भिंत पत्र्याची, त्यामुळे बाकावर सगळं ऐकू येत होतं.

"आवाज ओळखला होतास?"

"ओळखला होता."

"नीट विचार करून सांग. वर वारा असतो, सेटमध्ये खरखर असते..."

"हजारात ओळखीन, साहेब."

सेफ्टीसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तो म्हणतो, तुमची ओळखच नाही."

"खोटं बोलतो. दोन महिने रोज भांडलोय आम्ही. त्याच्या आवाजावर माझा हात हलतो, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तुम्हालाही असावं, म्हणून सांगितलं."

ती दार आपटून बाहेर आली. तो बाकावरून उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"सांगितलं होतं ना, बोलू नकोस म्हणून."

"तू कोण मला सांगणारा?"

"शेजारी."

ती हसली नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

तिच्या लायसनचं आणि त्याच्या नोकरीचं काय करायचं ते सेफ्टीसाहेबांनी मोठ्या ऑफिसकडे विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे, क्रेनचा आकडा वर रिकामा लटकतो आहे. काका दुपारी जबाब द्यायला आले तेव्हा ती दोघं त्याच बाकावर होती, आता शेजारीशेजारी, आणि भांडत होती. दोघंही एकाच वेळी बोलत होती, आणि "संपलं" कुणीच म्हणत नव्हतं.