विटेचं ताक

रेकोवच्या जुन्या विटांच्या चर्चमध्ये आता कोणी प्रार्थनेसाठी गुडघे टेकत नसे. टेकलेच तर पोटात ठोसा बसल्यावर. वेदीच्या जागी बॉक्सिंगचं रिंगण आलं होतं. त्याआधी तिथे ट्रॅक्टर दुरुस्त होत, त्याआधी धान्य साठवत, आणि फार पूर्वी स्वीडिश घोडेस्वारांनी घोडे बांधले होते. बाल्टिकवरून दमट वारा सुटला की आत घामाबरोबर लिदीचाही वास येई. गावाला त्याची सवय होती.

शनिवारी दुपारी वीब्के आणि रोन्या यांची अंतिम लढत होती. दोघी एकाच गल्लीत वाढलेल्या. एकीच्या घरी मासे तळले की दुसरी ताटली घेऊन हजर. आणि नेमका शनिवारीच सकाळी वीब्केला ताप भरला.

"गोळीने झोप येईल," शेजारची म्हातारी एल्झाबे मावशी म्हणाली. "विटेचं ताक घे."

चर्चच्या उत्तरेच्या भिंतीत अंगठ्याएवढ्या गोल खळग्या होत्या. गावाने पिढ्यान्‌पिढ्या तिथली वीट खरवडून, भुकटी ताकात घालून तापावर घेतली होती. दक्षिणेच्या दाराशी मात्र विटांवर लांब, खोल चरे होते. त्यांना कोणी हात लावत नसे.

"उत्तरेचीच घे हो. दाराशी घोडेस्वारांनी तलवारी पाजळल्यात."

"मावशी, ते मरून किती शतकं झाली!"

"ते मेले गं. तलवारी मेल्या असं कुणी सांगितलं तुला?"

वीब्के हसत गेली. जुन्या खळग्या इतक्या खोल झाल्या होत्या की घराची किल्ली तळाशी पोचेना. म्हणून तिने शेजारची एक कोरी, गडद वीट खरवडली. ताक आंबट लागलं, दाताखाली कचकचलं.

ताप लगेच उतरला. फक्त उजवा हात कोपरापर्यंत गार पडला.

"हात असा लोखंडासारखा का लागतोय?" ग्लोव्ह बांधताना हिनर्क मास्तरांनी विचारलं.

"ताप उतरलाय ना, मास्तर."

समोरून रोन्या ओरडली, "वीब्के, आईला अंथरूण घालून ठेवायला सांगितलंस ना? परत आडवंच व्हायचंय तुला!"

"तुझ्या शेजारीच घालायला सांगितलंय!"

बाकांवर हशा पिकला.

पहिली फेरी नेहमीसारखी झाली. दुसऱ्या फेरीत वीब्केने डावा हात उचलायचं ठरवलं, आणि उजवा सुटला. रोन्याचं नाक फुटलं. वीब्के थांबायला गेली, तोवर दुसरा ठोसा भुवईवर बसला होता. रक्त कॅनव्हासवर टपटपलं. आवारात एकही घोडा नव्हता, पण ओल्या घोड्याचा वास घशात जाऊन बसला.

हात आता समोरून येतच नव्हता. वरून येत होता, खोगिरावर बसलेल्या माणसाने खाली उभ्या असलेल्यावर वार करावा तसा.

"हे कुणी शिकवलं तुला?" मास्तर ओरडले. "वीब्के! थांब!"

रोन्या एका गुडघ्यावर आली. घंटा वाजली.

हात थांबला नाही.

"रोन्या, सरक!" वीब्के किंचाळली आणि त्याच दमात तिला मारलं. "सरक गं, पळ!"

लोकांना तो टोमणा वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. डावा ग्लोव्ह तळव्यावर उभा फाटला.

मग वरून एक वार आला, आणि रोन्याचा गाल कानापासून ओठापर्यंत सरळ उघडला.

टाळ्या बंद पडल्या.

वीब्केने स्वतःला खाली झोकून दिलं आणि हात पोटाखाली दाबून धरला. मास्तर तिच्या पाठीवर बसले. खालचा कॅनव्हास टराटरा फाटत राहिला.

डॉक्टरांनी दोन्ही ग्लोव्ह उसवून पाहिले. आत कापूस होता, दुसरं काही नाही. "पात्याशिवाय अशी जखम होत नाही," एवढंच ते म्हणाले.

एल्झाबे मावशीने उत्तरेच्या भिंतीतल्या त्या ताज्या खरवडलेल्या विटेवरून बोट फिरवलं. "कोठार होतं तेव्हा गाड्या आत याव्यात म्हणून दक्षिणेचं दार रुंद केलं होतं," ती म्हणाली. "निघालेल्या विटा उलटसुलट करून इकडेतिकडे भरल्या. कुठली कुठे गेली, कुणाला ठाऊक."

टाके निघाल्यावर रोन्या स्वतःच वीब्केच्या दारात आली. गाल ओढल्यामुळे तिचं हसू एका बाजूलाच उमटत होतं.

"आई मासे तळतेय. येतेस ना?"

वीब्के मान खाली घालून उभी होती. उन्हं पडली होती, तरी अंगात जाड कोट होता.

"अगं, मी रागावले नाहीये. तुला थांबायचं होतं, मी पाहिलं ना तुझं तोंड." रोन्याने हात पुढे केला. "दे हात."

"नको."

"दे गं, वेडे."

"जवळ येऊ नकोस, रोन्या. पाया पडते तुझ्या." वीब्के मागे सरकत भिंतीला टेकली. दोन्ही हात खिशातच होते.

रोन्या आणखी एक पाऊल पुढे आली. वीब्केच्या उजव्या खिशाखाली कोटाचं अस्तर पट्ट्यापट्ट्यांनी, अगदी सावकाश, खाली सुटू लागलं.