अप्पांच्या मापाचा हौद

"टब? लातुरात?" टाइल्सच्या दुकानातले मलप्पाकाका इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "नळाला पाणी आठ-आठ दिवसाला, अन् हिला टब पायजे!"

मी चिडले. चिडले की मी फार बोलते. दिवसभर ट्यूशनच्या पोरांना बायोलॉजी शिकवते, त्यामुळे एरवीही कमी बोलत नाही. माझ्या आईचे, अव्वाचे सांधे आखडलेत, डॉक्टरांनी रोज गरम पाण्यात बसायला सांगितलंय, बाथरूम चार बाय साडेतीन फुटांचं आहे, तेव्हा आधी उपाय सांगा आणि मग हसा... एका दमात सगळं सुनावलं.

"झोपायचा टब न्हाई मावणार. बसायचा मावंल," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं. सिमेंटनं पांढरे झालेले हात, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं सांगत बसले तर टब राहून जाईल.

"बसायचा म्हणजे?"

"कोपऱ्यात विटांचा हौद बांधायचा, आतून टाइल्स. एकदा भरला की तेच पाणी दुसऱ्या दिवशी फरशीला, झाडाला."

"सगळ्यांच्याच आंघोळीची अशी काळजी करता?"

त्याचे कान लाल झाले. "न्हाई... आजच."

वीरेश त्याचं नाव. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला. अव्वा आतल्या खोलीत पडून होती. तिची नि माझी चण सारखीच, म्हणून त्यानं मलाच कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसवलं आणि माझ्याभोवती खडूनं रेघ ओढायला लागला. मी बडबडत होते. टेप त्याच्या खिशातच होती, पण तो वितीनं मोजत होता, डोळे अर्धवट मिटून, झोपेत असल्यासारखा.

रेघ पुरी झाली... आणि भर मे महिन्यात फरशीतून एकदम गारठा वर आला. माझं बोलणं थांबलं. असं फार क्वचित होतं.

"हे तर मोठं झालं," मी म्हटलं. माझ्या चारी बाजूंनी चार-चार बोटं जागा उरली होती.

वीरेशनं रेघेकडे पाहिलं आणि त्याच्या हातातून खडू पडला. तो उठून बाहेरच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेले, तर हा अप्पांच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभा.

"हे... औशाच्या शेतातले?"

"हो, माझे वडील. कार्तिकात गेले. का?"

घमेलं, थापी सगळं टाकून तो निघून गेला.

पुढचे चार दिवस ती रेघ काही पुसली जाईना. ब्रशनं घासली तरी वाळल्यावर पुन्हा पांढरीशुभ्र. आणि रेघेच्या आतली फरशी कोरडी राहायची. बादली ओतली तरी आत थेंब जायचा नाही. बायोलॉजीत याला उत्तर नव्हतं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू! आणि त्याहून वाईट म्हणजे, तो यावा असंही वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी तो हत्यारं न्यायला आला.

"दुसरा मिस्त्री बघा."

मी घमेलं पाठीमागे लपवलं. "आधी कारण. मग घमेलं."

"माझे वडील, गुरुबसप्पा, समाधीचा खड्डा खांदतात," तो खाली बघत म्हणाला. "आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देत्यात, तुम्हाला ठावंच हाय. वडिलांची पाठ आखडल्यापासून मीच आत उतरतो. औशाच्या शेतात तुमच्या अप्पांचं माप मीच घेतलं हुतं. वितीनं. त्या दिवशी हातानं तुमचं माप घेतलंच न्हाई... त्यांचंच काढलं. घर कुणाचं, मला ठावं नव्हतं. हाताला ठावं हुतं."

अप्पांच्या समाधीच्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही. आठवतात ते खड्ड्यातून वर आलेले दोन हात. त्यांनी अप्पांना तान्ह्या बाळासारखं अलगद खाली घेतलं होतं, त्यांची मान जरासुद्धा कलू दिली नव्हती. सगळे रडत होते, आणि मी त्या हातांकडे बघत होते.

"दुकानात तुम्ही भांडत हुता, तवापासून माझं..." वीरेश अडखळला. "पण या हातात तुमचा हात कसा घिऊ?"

मी काही बोलणार, एवढ्यात आतून अव्वाचा आवाज आला. तिनं सगळं ऐकलं होतं.

"त्याच मापाचा बांध, बाबा. बोटभर कमी करू नको."

हौद झाला. दार बाहेर उघडणारं केलं, म्हणून आत वावरायला जागा उरली. हौदात वीरेशनं निळ्या टाइलची पट्टी लावली होती. "एक माणूस बसलं की पाणी या पट्टीवर येतंय. कड वीतभर वर हाय. सांडायचं न्हाई."

आठवडाभर सगळं वाळू दिलं. नळ आला त्या सकाळी मी हौद गरम पाण्यानं भरला, अव्वाला धरून आत बसवलं आणि दार लोटून बाहेर आले. पाणी बरोबर निळ्या पट्टीवर आलं होतं. गळत नाही ना बघायला वीरेशही आला होता. आम्ही दोघं दाराबाहेर उभे राहिलो.

आधी अव्वाचा सुस्कारा ऐकू आला. मग पाणी डचमळलं... कुणीतरी जड माणूस हळूच आत उतरावं तसं.

"अहो, जरा सरका की. गुडघे दुखत्यात माझे." आणि अव्वा हसली. कार्तिकानंतर पहिल्यांदा.

दाराखालून पाणी आलं. कोमट. आमच्या पायांपर्यंत आलं.

"माप चुकलं न्हाई," वीरेश कुजबुजला. त्याचा चेहरा उतरला होता. "एका माणसाला सांडायलाच नको."

"एकच माणूस आहे कुठं आत?"

मी त्याचे दोन्ही हात धरले. खरखरीत होते. "या हातांनी माझ्या अप्पांची मान सांभाळली. मला दुसरे हात नकोत, वीरेश."

त्यानं माझी बोटं घट्ट आवळली.

"भ्यालात?" मी विचारलं.

"लई."

"मीपण." पण आम्ही दोघंही त्या पाण्यातून हललो नाही.

"सृष्टे," आतून अव्वा म्हणाली, "टॉवेल आताच आणू नको गं. बसू दे आम्हाला थोडं."