खाडीला एकच प्रश्न

तराफा एकच, खाडी एकच, पाणीही तेच. तरी तराफ्याखाली पाण्यात सोडलेल्या बारा दोऱ्यांपैकी पाच दोऱ्यांवरचे शिनाणे (हिरवट कवचाचे शिंपले) गाळाखाली गुदमरले होते आणि सात दोऱ्या धुतल्यासारख्या स्वच्छ होत्या. असं कसं? शलाका काठावर बसून बघत राहिली. पाणी साळसूदपणे चमकत होतं, जणू त्याला यातलं काही ठाऊकच नाही.

आईला बघत बसायला सवड नव्हती. खाडीच्या तोंडाशी नवा धक्का झाल्यापासून प्रवाह बदलला होता. तराफा हलवायलाच हवा होता, आणि तोही एकदाच. दुसऱ्यांदा हलवला तर शिनाणे पकड सोडतात आणि वर्षभराची मेहनत तळाला जाते. जागा दोनच होत्या, जुनी जेटी किंवा माडांचं बेट.

"साडेपाचाक भरती भरता, तेव्हाच तराफो हलवूचो," आई म्हणाली. "तवसर तुझ्या यंत्राक काय ता विचार. नायतर मी आपली जेटीपाशी न्हेतंय."

यंत्र म्हणजे 'भोवरा'. शलाकाचे बाबल आजोबा आयुष्यभर प्रयोगशाळेत पाण्याचे प्रवाह अभ्यासत आले होते. भोवरा ही त्यांनी लिहिलेली आज्ञावली (संगणकानं काय करायचं याच्या सूचना). ती शलाकाच्या मांडीवरच्या पडद्यावर दिसे, पण खरं काम चाले दूर डोंगरातल्या थंडगार क्वांटम संगणकात. त्या संगणकाला पाणी म्हणजे काय ते कळत नाही आणि आपल्याला त्याची भाषा येत नाही. मधला दुभाषा भोवरा.

शलाकानं उत्साहानं सांगून टाकलं, "खाडीतल्या प्रत्येक ठिकाणचा, प्रत्येक क्षणाचा प्रवाह दाखव. गाळ किती, भोवरे किती, तेही सगळं सांग."

पडद्यावर अक्षरं उमटली: उत्तराला दीडशे वर्षं लागतील.

घड्याळात चार वाजले होते.  आपल्यामुळे आईची वर्षभराची मेहनत बुडणार, असंच शलाकाला वाटलं.

"काय गो, काय झाला?" आजोबा काठी टेकत आले. तिनं विचारलेलं त्यांनी वाचलं आणि मिशीत हसले. "ह्या देवापुढचा लांबलचक गाऱ्हाणा झाला, प्रश्न नाय! देवळात कौल लावतत, तेव्हा गुरव काय सांगता?"

"एका वेळेक एकच विचार," शलाका म्हणाली. "देवाक लावलेली उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाय."

"मगे? आता यंत्राक देव समजा नको हां. रीत तेवढी तीच."

मग तिच्याशेजारी बसून त्यांनी समजावलं. प्रवाहाची नक्कल करायची तर पाण्याचे बारीक बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात पाणी कसं वाहतंय ते लिहायचं. या खाडीचे असे शंभर कोटी चौकोन होतात. साधा संगणक प्रत्येकासाठी वेगळा आकडा ठेवतो. क्वांटम संगणकात मात्र क्युबिट (माहितीचा सगळ्यात छोटा घटक) असतात आणि दर नव्या क्युबिटला मावणारे आकडे दुप्पट होतात. एकात दोन, दोनांत चार, दहांत हजाराच्या वर. तिसांत शंभर कोटींच्याही वर! म्हणजे मूठभर क्युबिटांमध्ये अख्खी खाडी, तिच्या लाटा, वळणं, तळाचा गाळ, सगळं एकत्र तरंगत असतं.

शलाकानं डोळे मिटले. तिला ती खाडी दिसली, कुणी न पाहिलेली, एकाच वेळी सगळीकडून वाहणारी. तिला फार सुंदर वाटलं.

"पण बघूक गेला की ती विरता," आजोबा हळूच म्हणाले. एका मापनात (क्युबिट वाचण्यात) एकच छोटं उत्तर हाती येतं. पुन्हा विचारायचं तर खाडी पुन्हा पहिल्यापासून भरायची. शंभर कोटी गोष्टी विचारल्या की दीडशे वर्षं लागणारच.

शलाका विचारात पडली. आपल्याला नेमकं काय हवंय? मग तिनं लिहिलं: गाळाचा एक कण या दोन जागांपैकी कुठे बसेल, जेटीपाशी की बेटापाशी? पाचशे वेळा विचार.

पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. जेटी चारशे बारा, बेट अठ्ठ्याऐंशी.

"आई, बेटावर!" ती पळत सुटली.

आईनं कमरेवर हात ठेवले. तिच्या सासूनंही तराफा जेटीपाशीच लावला होता. "आणि ते अठ्ठ्याऐंशी?"

शलाका अडखळली. खोटं सांगणं सोपं होतं. "तेवढो गाळ बेटाकडेय बसतलो. कमी, पण बसतलो."

"म्हणजे दोऱ्यो धुवूक लागतल्योच," आई म्हणाली आणि तिनं तराफ्याचा दोर सोडला. "चल, धर."

महिन्यानं आईनं बेटापाशी दोरी वर ओढली. शिनाणे टपोरे झाले होते. थोडा गाळ होता, तो हातानं पुसला गेला. आईनं दोरी परत पाण्यात सोडली.

"माका एक विचारूचा आसा," ती म्हणाली. "मुडदुशे मासे ह्या खाडयेत परत येतले काय? आमच्या लहानपणी पायांमधना जायत."

शलाका भोवऱ्याकडे वळली, पण आईनं तिचा हात धरला.

"थांब. ता खूप मोठा झाला." पाण्यात बोटं बुडवून ती विचार करत राहिली. "मासे खाडयेच्या तोंडातसूनच येतत. पावसाआधी ता तोंड उघडा रवतला काय, इतक्याच विचार."