चिकटवलेला देव

काशम्मा दानेश्वरीबाईंच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या मुठीत देव होता.

"बाई, माझ्या मालकाला सोडवा की," ती म्हणाली आणि मूठ उघडली. सिद्धेश्वराचं रुपयाएवढं चित्र घरंगळलं आणि टेबलाच्या लोखंडी कडेला टक्कन जाऊन बसलं.

"गड्ड्याच्या जत्रेतनं मूठभर आणते दरसाल. हे बांधतील त्या गाडीच्या कवचावर एक देव ठेवतात. जितं धोका, तितं देव, म्हणतात."

तिचा नवरा ईश्वरप्पा शर्यतीच्या गाड्या बांधायचा. परवाच्या शर्यतीत त्याच्या गाडीचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागं गरगरणारं जड चाक, फुटलं. तुकडे गोळीसारखे सुटले. असे तुकडे अडवायलाच भोवती पोलादी कवच असतं, पण ते कागदासारखं फाटलं. ड्रायव्हर शिवकुमारचं डावं पाऊल गेलं. फाटलेलं कवच अॅल्युमिनियमचं निघालं आणि ईश्वरप्पा कोठडीत गेला.

"त्यांनी पोलादच घातलं व्हतं," काशम्मा म्हणाली. "पन शिवकुमार आमचं तोंड बगंना झालाय. कोठडीपरास त्येच लागलंय ह्यांच्या जिवाला."

दानेश्वरी बिराजदार तीस वर्षं विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासत होत्या. आता खासगी तपास करतात. शेजारचे एकनाथराव, निवृत्त भूगोल शिक्षक, त्यांच्याबरोबर फिरतात. एकनाथरावांना सगळ्यांचाच संशय येतो, आणि रोज वेगळ्याचा.

"बाई, नवऱ्याला वाचवायला बायको काहीही बोलेल," जिना उतरताना ते म्हणाले.

"बोलेल की सर. म्हणून तर तिचा देव खिशात घेतलाय."

पोलीस ठाण्याच्या आवारात कवचाचा तुकडा पडला होता. काळा रंग, फाटलेल्या कडांना पांढरी चकाकी. मधोमध देव तसाच. दानेश्वरीबाई चष्मा कपाळावर ढकलून खाली वाकल्या. देवाच्या कडेनं पांढऱ्या फोमची बारीक रेघ दिसत होती.

"स्फोटातसुद्धा देव जागचा हलला नाही!" एकनाथरावांनी हात जोडले.

"तेच मला खटकतंय," बाई म्हणाल्या.

इस्पितळात शिवकुमार भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"त्याचं नाव काढू नका. काका म्हणत होतो मी त्याला."

"नाही काढत. देवाबद्दल सांग."

"गिअरजवळचं झाकण उघडलं की दिसायचा. शर्यतीआधी बोट लावून नमस्कार करायचो. गेल्या महिन्यात मळला होता म्हणून काढून पुसला आणि परत ठेवला. टक्कन बसला. शर्यतीदिवशी नुसतं बोट लावलं." त्याचा आवाज फाटला. "कवच आहे म्हणून तर पाय निर्धास्त ठेवला हो!"

बाहेर येताच एकनाथराव कुजबुजले, "यानंच केलं असेल. गाडी हलकी, तर वेग जास्त."

मोहोळच्या बिरप्पा मेकॅनिकनं पंधरा दिवसांपूर्वी त्या गाडीचा गिअरबॉक्स कवचासकट उतरवला होता. हात पुसत तो तुटक बोलत राहिला.

"तेल गळत व्हतं. कवच कुणीतरी रंगवायला न्हेलं. मी जेवून आलो तर रंगवून ठिवलेलं. बशिवलं."

"कुणी नेलं?"

"मला काय ठावं? शिवकुमार बी यायचा, वरदशेठ बी."

"हलकं लागलं नाही?"

त्याची नजर जमिनीवर गेली. "ज्येची गाडी त्येची अक्कल. आपण कशाला इचारावं?"

बाईंनी देव पुढं केला. "हा घ्या, काशम्मानं दिलाय." बिरप्पानं तो न बघताच पान्यांच्या लोखंडी पेटीकडे टाकला. टक्. निघताना बाईंनी तो गुपचूप उचलला.

"देवाची चोरी?" एकनाथराव दचकले.

"उसना घेतलाय, सर."

गाडीचा मालक वरद सोलापुरात गाड्यांच्या सजावटीचं दुकान चालवायचा. सीट कव्हर, दिवे आणि डॅशबोर्डवर लावायचे नाना देव. दार उघडं राहावं म्हणून खाली काळं, बाकदार लोखंडी धूड टेकवलेलं. त्यावर एकनाथरावांच्या पायाचा अंगठा आपटला.

"अरारारा! सांभाळून, सर," वरद हळहळला. "माझं तर नशीबच फुटलं बघा. ईश्वरप्पावर डोळे झाकून विश्वास ठेवला. मी कधी बॉनेटसुद्धा उघडत नाही."

"हा देव काशम्मानं दिलाय. त्या कपाटावर लावाल?"

"अवश्य!" वरदनं देव उलटा केला, लाल पट्टीची, फोमची डबल टेप दातांनी तोडली, मागं लावली आणि देव स्टीलच्या कपाटावर अंगठ्यानं दाबला. "आता वर्षभर हलायचा नाही."

"सज्जन माणूस," बाहेर पडताना एकनाथराव लंगडत म्हणाले. दानेश्वरीबाई फौजदारांना फोन लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी शिवकुमारच्या खाटेभोवती सगळे जमले. वरद मोसंबी घेऊन आला होता, बिरप्पा दाराशी उभा होता. फौजदार भिंतीला टेकले होते.

"महिन्यापूर्वी देव कवचावर टक्कन बसला," बाईंनी सुरुवात केली. "लोहचुंबक पोलादाला धरतो, अॅल्युमिनियमला नाही. म्हणजे तेव्हा कवच पोलादी होतं. ईश्वरप्पानं पोलादच घातलं होतं."

शिवकुमारनं भिंतीकडून मान वळवली.

"नंतर कवच बदललं. आता त्यावर देव टिकेना. आणि देव दिसला नसता तर शिवकुमार गाडीत बसलाच नसता. म्हणून कुणीतरी तो टेपनं चिकटवला. फाटलेल्या तुकड्यावर टेपचा फोम दिसतोय. आता सांगा, लोहचुंबकाला टेप कशाला लागते?"

बाईंनी खाटेभोवतीच्या एकेकाकडे पाहिलं.

"देव पडला तेव्हा शिवकुमारला कळलं असतं की खालचा धातू बदललाय, आणि टेप दिसली तर तीच चुगली करील. बिरप्पालाही. त्या दोघांना आणि ईश्वरप्पालाही तो लोहचुंबक आहे हे ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं, त्याला वाटलं मागचा गोंद सुकला. रोज शंभर देव टेपनं चिकटवणाऱ्यालाच असं वाटणार. वरदशेठ, काल स्टीलच्या कपाटावरसुद्धा तुम्ही टेपच लावलीत."

वरद हसायचा प्रयत्न करत होता. "एवढ्याशा टेपवरून—"

"आणि सरांच्या अंगठ्यावरून. दाराला टेकवलेलं ते धूड आज सकाळी फौजदारसाहेबांनी उचललं. ईश्वरप्पाच्या गाडीच्या इंजिनाच्या भोकांना भोक जुळलं. तेच मूळचं पोलादी कवच."

एकनाथरावांनी आपल्या सुजलेल्या अंगठ्याकडे आदरानं पाहिलं.

मोसंब्यांची पिशवी खाली पडली. "एकाच शर्यतीपुरतं काढलं होतं," वरद पुटपुटला. "अकरा किलो वजन कमी झालं. जिंकलो असतो तर दुकानाचं नाव झालं असतं. परत बसवणारच होतो..."

"माझा पाय बसवशील का परत?" शिवकुमारनं विचारलं.

फौजदार वरदला घेऊन गेले. बिरप्पा मान खाली घालून मागोमाग निघाला. त्यालाही जबाब द्यायचा होता.

दानेश्वरीबाईंनी वरदच्या कपाटावरून काढून टेप खरवडलेला देव शिवकुमारच्या हातात दिला. त्यानं तो खाटेच्या लोखंडी दांडीजवळ नेला. टक्.

त्यानं देवाला बोट लावलं.

"काशम्माकाकी बाहेर असतील ना?" तो म्हणाला. "त्यांना म्हणावं, काका सुटले की आधी हितंच घेऊन या."